सी भाषेतील एरर वाचायला शिकवले जावे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात अभियांत्रिकी शिक्षण आणि स्थानिक उद्योग यांच्यातील अंतराविषयी अधूनमधून मजकूर प्रसिद्ध होतो. त्या चर्चेत विषय मोठे असतात. मला मात्र एका लहान आणि नेमक्या गोष्टीकडे संबंधितांचे लक्ष वेधायचे आहे. यंत्रांना जोडायच्या छोट्या संगणकप्रणाली लिहून देणे हा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील माझा व्यवसाय असल्याने पदविका आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रोजेक्टच्या निमित्ताने माझ्याकडे येत असतात. या मुलांना सी भाषेतील लूप, पॉइंटर, स्ट्रक्चर हे सगळे येते, व्हायवात विचारले तर व्याख्याही बिनचूक सांगतात; परंतु दुसऱ्या कोणी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, आपल्या प्रोग्रॅमला जोडण्याची वेळ आली आणि पडद्यावर एरर उमटला की त्यांची गाडी तिथेच थांबते. त्यांना इंग्रजी समजत नाही असे नव्हे. तो एरर कोणी दिला आहे, हे ओळखायचे असते असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मदतीसाठी मोबाइलवर येतो तो पडद्याचा फोटो, आणि त्याखाली ‘सर, प्रोग्रॅम चालंना झालाय’ एवढाच मजकूर. फोटोत बहुधा शेवटची ओळ असते: ‘कलेक्ट-टू: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. या ओळीत उपयोगाचे काहीही नाही. एलडी हे लिंकरचे, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या घटकाचे, नाव आहे आणि त्याला आपले काम पुरे करता आले नाही, एवढेच ती सांगते. ते का करता आले नाही, हे तिच्या वरच्या ओळींत लिहिलेले असते आणि नेमक्या त्याच ओळी फोटोत कापल्या गेलेल्या असतात. कंपायलरच्या, म्हणजे आपल्या सी मजकुराचे यंत्राच्या भाषेकडे रूपांतर करणाऱ्या घटकाच्या, बाबतीतही असाच प्रकार होतो. वर कुठेतरी एक सेमीकोलन राहिला किंवा एखादा टाइप ओळखू आला नाही, तर त्याच्या पोटी आणखी कितीतरी एरर जन्माला येतात आणि विद्यार्थी सर्वांत खालच्या, म्हणजे डोळ्यांसमोर उरलेल्या ओळीपासून दुरुस्तीला लागतो. पहिला एरर आधी वाचावा, तो दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे आणि मगच पुढच्याकडे वळावे, ही साधी शिस्त पहिल्याच प्रात्यक्षिकात लावता येण्यासारखी आहे.

‘जीसीसी’ या लिनक्सवरील नेहमीच्या सी कंपायलरची आज्ञा एक दिसत असली तरी तिच्यामागे निरनिराळे प्रोग्रॅम क्रमाने काम करतात. प्रीप्रोसेसर हेडर फाइलींतला मजकूर आपल्या प्रोग्रॅममध्ये आणून ठेवतो, कंपायलर त्याचे असेंब्लीत रूपांतर करतो, असेंबलर त्यापासून ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली व लायब्ररी एकत्र बांधून चालवता येईल अशी फाइल तयार करतो. ती चालवताना लोडर नावाचा आणखी एक घटक मध्ये येतो. यातील प्रत्येकाची तक्रार करण्याची धाटणी वेगळी आहे. कंपायलर बोलतो तेव्हा ओळीच्या सुरुवातीला आपल्या सी फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि त्या ओळीतील स्थान येते. लिंकर बोलतो तेव्हा सुरुवातीला ‘एलडी’ दिसते, ऑब्जेक्ट फाइलचे नाव येते आणि ओळीच्या क्रमांकाऐवजी बहुतेक वेळा ‘टेक्स्ट’ विभागातला एक हेक्साडेसिमल आकडा असतो. एवढा फरक ओळखता आला तरी निम्मे काम होते, कारण कंपायलरने तक्रार केली असेल तर लायब्ररी कुठे आहे हे शोधण्यात अर्थ नसतो आणि लिंकरने केली असेल तर प्रोग्रॅमच्या वरच्या ‘इन्क्लूड’ ओळी बदलत बसण्यात अर्थ नसतो. उद्यमनगरच्या भाषेत सांगायचे तर हेडर फाइल म्हणजे ड्रॉइंग आणि लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष कास्टिंग. ड्रॉइंगवरून जोडणी आखता येते, पण जॉब फाउंड्रीतून आल्याशिवाय यंत्र उभे राहत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण थोडे विस्ताराने देतो. भट्टीचा तापमान कंट्रोलर, विजेचा मीटर, मोटरचा ड्राइव्ह अशा उपकरणांकडून आकडे घेण्यासाठी मॉडबस हा प्रोटोकॉल आजही कारखान्यांत सर्रास वापरला जातो. मॉडिकॉन कंपनीने तो १९७९ साली आणला. सी भाषेतून तो वापरायचा तर लिबमॉडबस ही मुक्त लायब्ररी हाताशी आहे आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याशी ओळख असलेले विद्यार्थी असा प्रोजेक्ट आवडीने घेतात. उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर प्रोग्रॅम लिहून तो कंपाइल केला की पहिला अडथळा येतो: ‘फेटल एरर: मॉडबस डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. इथे प्रीप्रोसेसरला हेडर सापडलेली नाही. लायब्ररी तर इन्स्टॉल केली होती, मग हेडर कुठे गेली, असा प्रश्न पडतो. उबंटू आणि डेबियनवर चालण्यापुरती लायब्ररी एका पॅकेजमध्ये असते, तर हेडर आणि लिंक करण्यासाठी लागणाऱ्या फाइली ‘-डेव्ह’ असा शेवट असलेल्या दुसऱ्या पॅकेजमध्ये असतात. फेडोरावर हाच शेवट ‘-डेव्हल’ असा असतो. म्हणजे इथे लिबमॉडबस-डेव्ह इन्स्टॉल करणे हा उपाय आहे. त्यानंतरही हेडर ‘मॉडबस’ नावाच्या उपफोल्डरमध्ये असल्यामुळे तो मार्ग कंपायलरला कॅपिटल आय हा पर्याय देऊन सांगावा लागतो, किंवा ‘इन्क्लूड’च्या ओळीत फोल्डरसह नाव लिहावे लागते.

आमचे विद्यार्थी मात्र हे न करता इंटरनेटवरून केवळ हेडर फाइली उतरवून घेतात आणि आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवतात. पहिला एरर जातो, त्यामुळे आनंद होतो. पण आता लिंकर सांगतो, ‘कॅनॉट फाइंड -एलमॉडबस’. संगणकावर ‘लिबमॉडबस डॉट एसओ डॉट ५’ ही फाइल असूनही लिंकर असे म्हणतो, कारण तो ज्या नावाने शोधतो ते ‘लिबमॉडबस डॉट एसओ’ असे, शेवटच्या आकड्याविना आहे, आणि त्या नावाचा दुवा त्याच ‘-डेव्ह’ पॅकेजमधून येतो. लायब्ररी खरोखरच वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर तो मार्ग कॅपिटल एल या पर्यायाने द्यायचा आणि लायब्ररीचे नाव स्मॉल एल या पर्यायाने द्यायचे. ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागी टाइप झाल्यामुळे वाया गेलेल्या संध्याकाळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पॅकेज इन्स्टॉल केलेले असेल तर पीकेजी-कॉन्फिग हे साधन हेडरचा मार्ग आणि लायब्ररीची नावे दोन्ही स्वतःच पुरवते; महाविद्यालयात त्याचे नावही कानावर पडत नाही, याचे आश्चर्य वाटते.

सर्वांत जास्त गोंधळ पुढच्या एररचा होतो: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मॉडबस न्यू आरटीयू’. हेडर सापडलेली असते, कंपायलरची काहीही तक्रार नसते आणि तरी प्रोग्रॅम तयार होत नाही. ‘सर, इन्क्लूड केलंय की’ असे मुले कळवळून सांगतात आणि ते खरेही असते. पण हेडरमध्ये त्या फंक्शनची केवळ घोषणा असते. त्याचा देह लायब्ररीत असतो आणि ती लायब्ररी घ्यायची आहे हे लिंकरला कोणी सांगितलेलेच नसते. कोड::ब्लॉक्ससारखे साधन वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण तिथे बिल्ड ऑप्शन्समधील लिंकर सेटिंग्जमध्ये लायब्ररीचे नाव भरावे लागते. प्रोग्रॅममध्ये कितीही हेडर जोडल्या तरी ते आपोआप भरले जात नाही.

नाव सांगूनही हाच एरर टिकून राहतो तेव्हा क्रमाकडे पाहावे. लिंकर आज्ञेतील फाइली डावीकडून उजवीकडे वाचत जातो. स्टॅटिक लायब्ररी (जिचे तुकडे थेट आपल्या तयार फाइलीत उतरतात ती) समोर आली की त्या क्षणापर्यंत जी नावे अपुरी राहिली असतील तेवढ्यांपुरतेच तुकडे तो तिच्यातून उचलतो आणि पुढे जातो. लायब्ररी आधी लिहिली आणि आपला प्रोग्रॅम नंतर, तर लायब्ररीकडे पाहताना लिंकरला काहीच नको असते आणि नंतर हवे असते तेव्हा लायब्ररी मागे पडलेली असते. म्हणून लायब्ररीची नावे आज्ञेच्या शेवटी लिहायची आणि एक लायब्ररी दुसरीवर अवलंबून असेल तर अवलंबून असणारी आधी लिहायची. उबंटूने ११.१० या आवृत्तीपासून लिंकरला ‘ॲज-नीडेड’ (गरज असेल तेवढ्याच लायब्ररी जोडणे) हा पर्याय मुळातच लावून ठेवल्यामुळे, प्रोग्रॅम चालवताना जोडल्या जाणाऱ्या शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीतही तिथे क्रम चुकून चालत नाही. तीच चुकीच्या क्रमाची आज्ञा दुसऱ्या एखाद्या लिनक्सवर मात्र निमूटपणे चालून जाते. ‘मित्राच्या लॅपटॉपवर चालतंय’ या वाक्यामागे अनेकदा एवढेच असते.

गणिताच्या लायब्ररीचा अनुभव तर प्रत्येक वर्गाला येतो. वर्गमूळ काढणारे ‘एसक्यूआरटी’ फंक्शन वापरायचे तर मॅथ डॉट एच ही हेडर जोडूनही लिनक्सवर शेवटी ‘-एलएम’ लिहावे लागते, कारण तिथे गणिताची फंक्शने मुख्य सी लायब्ररीपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली आहेत. जीलिबसी या लिनक्सवरील मुख्य सी लायब्ररीच्या २.३४ या ऑगस्ट २०२१ मधील आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत सामावून घेण्यात आली, पण गणिताची वेगळीच राहिली. गंमत अशी, की प्रोग्रॅममध्ये थेट ४.० चे वर्गमूळ मागितले तर ‘-एलएम’ न लिहिताही काम होते. जीसीसी ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि लिंकरपर्यंत त्या फंक्शनचे नाव पोहोचतच नाही. तोच आकडा वापरकर्त्याकडून घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवला की एरर हजर होतो. हा प्रयोग फळ्यावर न सांगता लॅबमध्ये करून दाखवला, तर कंपायलर आणि लिंकर ही दोन वेगळी माणसे आहेत हे विद्यार्थी जन्मभर विसरणार नाहीत.

लिंकिंग झाले म्हणजे सगळे झाले असेही नाही. लिबमॉडबस मूळ कोडवरून स्वतः बांधून ‘यूएसआर-लोकल’ फोल्डरमध्ये बसवली असेल, तर प्रोग्रॅम तयार होतो आणि चालवताना लोडर अडवतो: ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’. या ओळीच्या शेवटीही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हेच शब्द असतात, त्यामुळे विद्यार्थी पुन्हा हेडरच्या मागे लागतात. इथे कंपाइल करण्याचा काही संबंध उरलेला नाही. ‘एलडीडी’ ही आज्ञा दिली की कोणती लायब्ररी सापडत नाही ते दिसते आणि बहुतेक वेळा व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘एलडीकॉन्फिग’ एकदा चालवले की काम भागते.

आता ज्या एररकडे दुर्लक्ष करण्याची सवय आपणच लावली, त्याविषयी. फंक्शनची घोषणा न करता ते वापरले तर जुना कंपायलर ते पूर्णांक परत करते असे गृहीत धरून पुढे जात असे. १९९९ च्या सी मानकाने ही सवलत काढून टाकली, तरी जीसीसी पुढची कित्येक वर्षे ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ असा केवळ इशारा देऊन सोडून देत राहिला. इशारा म्हणजे वॉर्निंग, आणि वॉर्निंग म्हणजे न वाचायची गोष्ट, असा लॅबमध्ये अलिखित नियमच आहे. परंतु ६४ बिटच्या लिनक्सवर पॉइंटर ६४ बिटचा आणि पूर्णांक ३२ बिटचा असतो. घोषणेविना वापरलेले फंक्शन पॉइंटर परत करत असेल तर पत्त्याचा अर्धा भाग गळून जातो आणि प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ देऊन पडतो. मग दोष शोधला जातो भलतीकडेच. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून हा इशारा सरळ एरर झाला आहे, त्यामुळे जुने प्रोजेक्ट नव्या संगणकावर अचानक ‘बिघडल्या’च्या तक्रारी येऊ लागल्या आहेत. असेच २०२० मधील जीसीसी १० पासून ‘मल्टिपल डेफिनिशन’ या एररचे झाले. हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ (व्हेरिएबल दुसरीकडे तयार केलेले आहे, अशी खूण) न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवण्याची आणि ती हेडर दोन-तीन फाइलींत जोडण्याची पद्धत पूर्वी खपून जात असे, आता लिंकर ती नाकारतो. सीनियरकडून वारशाने आलेला प्रोजेक्ट उबंटू २०.०४ वर चालत होता आणि २२.०४ वर चालत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच निघते. उपाय सोपा आहे: हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ घोषणा ठेवायची आणि व्हेरिएबल कोणत्याही एकाच सी फाइलमध्ये तयार करायचे.

अर्डुइनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक खूण सांगून ठेवतो. अर्डुइनोचा स्केच, म्हणजे त्यावर चालवायचा प्रोग्रॅम, सी++ म्हणून कंपाइल होतो आणि सी++ मध्ये फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटरचे टाइप गुंफले जातात. त्यामुळे वेगळ्या सी फाइलमध्ये लिहिलेले फंक्शन स्केचमधून बोलावले की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. त्या एररमध्ये फंक्शनच्या नावापुढे कंसात टाइपही छापलेले दिसले, तर हे सी भाषेतील फंक्शन आहे असे सांगणारे ‘एक्स्टर्न सी’ लिहायचे राहिले आहे असा संशय घ्यावा. नुसते नाव दिसले, तर लायब्ररी किंवा ऑब्जेक्ट फाइल जोडायची राहिली असण्याची शक्यता अधिक.

हे सगळे शिकवायचे का राहून जाते, याचे एक मोठे कारण माझ्या मते टर्बो सी हे आहे. बोरलँडने १९८७ साली बाजारात आणलेले हे साधन त्या काळी उत्तमच होते, आणि त्यावर शिकून उद्योगात नाव काढलेले लोक कोल्हापुरात भरपूर आहेत. पण ते डॉससाठी बनलेले १६ बिटचे साधन आहे. आजच्या ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसचा भास निर्माण करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कोंडून चालवावे लागते, आणि तसे ते अजूनही काही ठिकाणी चालवले जाते. त्यात कंट्रोल आणि एफ-९ दाबले की कंपाइल, लिंक आणि रन तिन्ही एका दमात होतात, त्यामुळे मधला लिंकर विद्यार्थ्याच्या नजरेला पडतच नाही. तो एकदाच भेटतो, ग्राफिक्सच्या प्रात्यक्षिकात, जेव्हा ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल इनिटग्राफ’ असा लिंकर एरर येतो. तेव्हा लॅबमध्ये सांगितले जाते, की ऑप्शन्समध्ये जा, लिंकर निवडा, लायब्ररीज उघडा आणि ग्राफिक्स लायब्ररीसमोर खूण करा. मुले खूण करतात, चित्र उमटते, जर्नलवर सही होते. त्या खुणेने ग्राफिक्सची लायब्ररी लिंकरच्या हाती दिली गेली, हे एक वाक्य तेवढे राहून जाते. आणि लिंकर म्हणजे काय हे शिकवण्याची त्या संपूर्ण प्रयोगातली एकमेव संधी तीच असते. शिवाय कोनिओ डॉट एच ही हेडर आणि पडदा पुसणारे ‘सीएलआरएससीआर’ हे फंक्शन हे सी मानकाचे भाग नाहीत, हेही न कळल्याने ही मुले जीसीसीवर आली की पहिला प्रोग्रॅमच अडतो आणि दोष जीसीसीला दिला जातो.

अभ्यासक्रम बदलणे हे एका प्राध्यापकाच्या हाती नसते, याची मला जाणीव आहे आणि तशी मागणी मी करीतही नाही. प्रात्यक्षिकाचा तास मात्र शिक्षकांच्या हाती असतो. विद्यार्थ्यांना कोऱ्या पानावरून प्रोग्रॅम लिहायला सांगण्याबरोबरच मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम द्यावा आणि आलेला एरर प्रीप्रोसेसरचा, कंपायलरचा, लिंकरचा की लोडरचा, एवढे लिहायला सांगून त्यासाठी गुण ठेवावेत. दुरुस्ती नंतर करता येईल. ऑब्जेक्ट फाइलीवर ‘एनएम’ ही आज्ञा चालवून ज्या नावापुढे यू आहे ते बाहेरून यायचे आहे आणि ज्यापुढे टी आहे ते फंक्शन याच फाइलीत आहे, एवढे एकदा डोळ्यांनी पाहिले तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची भीती निघून जाते. आणि मदत मागताना फोटो न पाठवता दिलेली आज्ञा, पहिल्या ओळीपासूनचा सर्व एरर, कंपायलरची आवृत्ती आणि लायब्ररी कोठून इन्स्टॉल केली ते मजकुरातच पाठवावे, हा नियम विभागाच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

कोल्हापूर आणि परिसरातील ज्या शिक्षकांना अशी बिघडवलेली उदाहरणे हवी असतील, त्यांना ती विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे. माझे नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे. विचारणा करणाऱ्यांना तो कळवण्यास माझी हरकत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर